जमीन, पदर

परिभाषा समितीने छत्तीस शब्द दिले होते,
समोरचा रकाना कोरा.
झेंड्याची काठीकडची कड. वाऱ्याकडची कड.
वरचा आतला कोपरा. मधलं चिन्ह.
चिन्हामागचा मोकळा रंग.
संस्कृतातून काहीही काढता आलं असतं.
मी साखर पेठेत गेलो,
नरसूबाई येमूल यांच्याकडे.

खोलीत शिलाई मशीन, तेंदूपानांचा वास,
भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट,
म्हणून दोघंही ओरडून बोललो.

"ही कड?"
"डोकं. ह्यातनं दोरी जाते, दुहेरी कापड लागतं."
"आणि ही, हलती?"
अडाण्याकडे बघावं तसं बघितलं त्यांनी.
"पदर. आमच्यात कोंगु.
लुगडं काय न् झेंडा काय, सुटलेला तो पदर."
मी लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

"मागचा रंग?"
"जमीन. हिरव्या जमिनीवर पिवळी बुट्टी
म्हणत नाहीत होय तुमच्याकडं?"
माझ्या कागदावर होतं: क्षेत्र.
आणि बुट्टीपुढे कुणीतरी पेन्सिलीनं: प्रभार,
विजेला असतो तो.

"काठीला?"
"काठीच. गड्ड्याच्या वेळी या की.
सात निघतात सिद्धेश्वराच्या,
तिथं काठीच ध्वज."

मांडीवर लाल कापड होतं, विडी कामगारांचं.
पदर आधी फाटतो, म्हणाल्या,
डोकं आहे तसंच राहतं.
दर एप्रिलला आणून टाकतात,
मी बोटभर कापते, दुमडते, टीप मारते.
सोळा-सतरा वर्षं झाली.

मी पट्टी काढली.
शिवला तेव्हा दोनास तीन असणार.
आता चौरस भरला.

"ह्याला काय म्हणायचं?
असा आखूड होत गेलेल्याला?"
हे यादीत नव्हतं.
आणि नेमकी वीज गेली, माग थांबले,
माझं ओरडणं एकटंच खोलीत उभं राहिलं.

त्यांनी दाताने दोरा तोडला.
"आटलेला,"
हळू म्हणाल्या, विहिरीबद्दल बोलावं तसं.

छत्तिसाखाली मी सदतीस घातला.
समिती ठेवेल, असं नाही वाटत.

कापलेली पट्टी मागावी म्हणून वळलो,
तर तिनं त्या मशीनचं तेल पुसत होत्या.
"दोऱ्याचे वीस रुपये तुम्हीच द्या,"
म्हणाल्या, "संघटनेवाले विसरतात."