कानामागून

ऊलूत फेब्रुवारीत बर्फ पडतो तेव्हा
सगळं गाव तोंडात बोळा कोंबल्यासारखं गप्प होतं.
लोक म्हणतात, किती शांत.
मी म्हणते, तुमचं काय जातंय म्हणायला.

शांतता पडली की माझ्या डाव्या कानात
कुणीतरी किटली चढवतं
आणि उतरवायला विसरतं.

एकवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होते मी.
साडेतीनशे ताटं, साडेतीनशे पेले,
धुण्याच्या मशीनचा पत्र्याचा जबडा,
पोरांनी भिरकावलेले काटे-चमचे.
तेव्हा काही झालं नाही.
झालं ते निवृत्तीनंतर, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी,
मोज्यांच्या जोड्या लावताना.
अशी कानामागून आली
आणि तिखट झाली.

मग तिच्या पाठोपाठ भीती.
शेजारीण दार कसं लावेल,
पहाटे बर्फ उपसणारा ट्रॅक्टर किती वाजता येईल,
बसचं दार फुस्स करेल तेव्हा मी कुठे उभी असेन.
दुकानात जाते ती दुपारी दोनला,
रिकाम्या बाटल्या गिळणारं यंत्र टाळून,
दह्याच्या कपाटाकडून वळसा घालून.
पर्समध्ये पिवळे बोळे. कोटाच्या खिशात पिवळे बोळे.
नातवाच्या वाढदिवसाला फुगे नकोत म्हणून निरोप धाडला.
पाच वर्षांचा ओइवा केकसमोर उभा राहून म्हणाला,
मुम्मो, मेणबत्ती हळू फुंकू का?

डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. वयाच्या मानाने छान आहे म्हणे.
कानाडोळा करायला शिका, म्हणाल्या.
मला हसूच आलं.
कान तर तिकडेच अडकलाय, उरला डोळा,
तो रात्रभर छताला लागलेला.
आणि घरात ते बोळे काढा, म्हणाल्या,
कान उपाशी ठेवला
की तो स्वतःच काहीतरी रांधून खातो.
हे मात्र पटलं. उपाशी पोरं मी पाहिली आहेत.

ताउनो काहीच म्हणाला नाही.
त्याने खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवले.
चमचे खणात ठेवतो एकेक,
नुकतं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसे.
शिंक आली तर अंगणात जातो,
उणे अठरात, नुसत्या बनियनवर.

परवा पुन्हा उसळली.
भाजणीचा ट्रे पडला, माझ्याच हातून.
तीन रात्री. किटलीची सुई झाली,
सुईत दोरा नाही, टाका नाही, नुसतं टोचणं.
दुसऱ्या रात्री बोळे काढले आणि फ्रिजपाशी जाऊन बसले.
बारीक ताप आलेल्या माणसासारखा कण्हत होता तो.
पाठ टेकली त्याला. म्हटलं, चालू दे तुझं.
वीसेक मिनिटं आम्ही दोघं.
मग तो बंद पडला, फ्रिजच तो,
आणि मी परत एकटी तिच्यासोबत.

शनिवारी सौना तापवला.
दगडांवर पळीभर पाणी टाकलं,
वाफ उठली, आणि तिचा आवाज नि माझा आवाज
एकाच पट्टीत लागले.
कळेना, कुठला आतला, कुठला बाहेरचा.
मग दगड गप्प झाले. माझा उरला.
पण बाकावर जरा मागे सरकून बसला होता,
न आवडणारा, पण ओळखीचा पाहुणा.

आणि तेव्हा ध्यानात आलं,
ताउनो इथे शिट्टी वाजवायचा.
चाळीस वर्षं एकच चाल,
तिसऱ्या वळणावर हमखास चुकायचा.
कधी थांबला?
सुई पडली तरी दचकणारी मी,
ते थांबलेलं मला ऐकूच आलं नाही.

शिट्टी का वाजवत नाहीस, विचारलं.
तो बादलीकडे बघत राहिला.
तिला कुठे फेल्ट चिकटवू, म्हणाला.

वाजव, म्हटलं. हळू.
वाजवली.
दुखलं, खोटं कशाला सांगू.
तिसऱ्या वळणावर चुकला.
मी आणखी एक पळी पाणी टाकलं.