उलटं पुस्तक

एकवीस वर्षं मी न्यायमूर्ती अँब्रोज थर्केल यांचा कारकून होतो.
दौऱ्यात त्यांच्या घोड्यामागे माझं खेचर,
खेचरावर दप्तरं, शाईची शिंगं,
आणि तुरुंगातल्या तापाची बाधा नको म्हणून
नाकाशी धरायची सतापाची जुडी.
ती रोज पहाटे मीच बांधायचो.

बाप कातडी कमावणारा, विदम नदीकाठचा.
हे ते कुणाला सांगत नसत;
पण साक्षीदाराने चामड्याची पिशवी पुढे केली
की बोटं आपसूक कड चाचपायची.
निकाल मोडक्या फ्रेंचमध्ये,
शिव्या दलदलीकडच्या बोलीत.

लिंकनचा किल्ला. लेंटचे दिवस, ओली थंडी.
योनास पिकर्सगिल, तीन मेंढ्या. गुन्हा शाबीत.
कायदा तेव्हा असा होता
की दोषी पुरुषाने स्तोत्राची एक ओळ वाचून दाखवली
तर फास टळे, अंगठ्यावर डाग बसे.
योनासने पुस्तक धरलं आणि घडाघडा म्हणाला,
देवा, माझ्यावर दया कर, तुझी करुणा मोठी.
एकही शब्द चुकला नाही.

पुस्तक उलटं होतं.

मला दिसलं. शेरीफला दिसलं.
थर्केलसाहेबांना दिसलं नसेल असं होणारच नाही,
त्यांना दहा हातांवरून खोडलेलं अक्षर दिसे.
जुडी हुंगून ते म्हणाले, "वाचतो."
मी लिहिलं, वाचतो.

जेवणानंतर डोर्कस हॅलम. अकरा यार्ड लिनन.
ती म्हणाली, मला द्या ते पुस्तक, मला येतं.
पाद्र्याच्या घरी भांडी घासता घासता शिकलेली.
बायकांसाठी ती सोय नव्हती.
तरी तिने हात लांबवून टेबलावरच्या पानावरून
अडखळत, बोट फिरवत सुरुवात केली,
माझ्या बाजूने, म्हणजे तिला उलट्या दिसणाऱ्या ओळींवरून.
साहेब खिडकीकडे बघत होते. तिला थांबवलं नाही.
ओळ संपल्यावर शिक्षा सांगितली.

ती वाचत होती.
ती वाचली नाही.
तिच्या नावापुढची दोन तुटकी लॅटिन अक्षरं
माझ्या हातची आहेत. वळण चांगलं आहे.

त्या रात्री साहेबांनी मटण परत पाठवलं.
दुसऱ्या दिवशी मात्र खाल्लं.

शेवटच्या वर्षी डोळ्यांत सारा पडला.
नॉटिंगहॅमला कैद्यांची यादी हाती घेऊन
त्यांनी सगळी नावं क्रमाने उच्चारली.
आदल्या रात्री मीच वाचून दाखवलेली, दोनदा.
कागद उलटा होता.
वकिलांत एक खोकला उठला आणि दबला.
मी जुडी त्यांच्या हाताशी सरकवली.

मृत्युपत्रात मला ते पुस्तक मिळालं,
आणि पांढऱ्या हातमोज्यांची एक जोडी;
ज्या फेरीत कुणाला फाशी होत नाही
त्या फेरीला शेरीफ न्यायाधीशाला देतो ती.
एकवीस वर्षांत एकच. कसर लागलीय.

कधी संध्याकाळी मी ते पान उलटं धरतो.
अक्षरं ओळखू येतात,
चेहरा ओळखावा आणि नाव आठवू नये तशी.
ओळ पाठ आहे, म्हणून ती दिसते,
की दिसते म्हणून म्हणतोय,
हे मला ठरवता येत नाही.
घसा तेवढा कोरडा पडतो.