एकोणतीस मिनिटं

कास्त्रोच्या धक्क्यावर, मासळीबाजाराच्या पाठीमागे
आमचं दुकान : घड्याळाचे सेल, चष्म्याच्या दोऱ्या,
आणि काचेखाली सात कॅमेरे, खिशात मावणारे.
त्यातले दोन चालतात का, हे मालकालाही ठाऊक नाही.

एदुविना कार्कामो आत आली
तसा ओल्या लोकरीचा वास आला.
मोजे विणते ती, रविवारी दालकाउएच्या बाजारात विकते.
रुमालाची गाठ सोडून एकेक नोट तळव्यानं सपाट केली,
म्हणाली, एवढ्यात बसेल तोच दाखव.
वरच्या फळीकडे बघूसुद्धा नकोस.

मी पाठ केलेलं म्हणू लागलो :
सोळा मेगापिक्सेल, दहा पट झूम...
झूम म्हणजे?
लांबचं जवळ येतं.
जवळ जायचं असलं तर मी चालत जाते, म्हणाली.

चंदेरी कॅमेरा हातात घेऊन
पाव पारखावा तसं आधी वजन पाहिलं.
मग हातमोजा चढवला आणि त्याच जाड बोटानं
बटण दाबून पाहिलं. दाबलं गेलं.
पडला तर?
पडला तर एखादवेळ वाचेल. भिजला तर नाही.
तिनं बाहेर पाहिलं. मीही पाहिलं.
चिलोएत राहून असलं कुणाला सांगू नये.

फोन का नाही घेत, मी विचारलं.
घरात फोन आहे. नातीचा.
त्यात सगळीकडे नातीचंच तोंड.

आणि व्हिडिओ? किती वेळ निघतो?
एकोणतीस मिनिटं, मी म्हटलं. मग आपोआप थांबतो.
पुन्हा बटण दाबायचं.
ती बोटं मोजत राहिली.
घर तर दोन दिवस चालणार, म्हणाली.

तिच्या भावाचं घर.
समुद्रानं काठ कुरतडत उंबऱ्यापर्यंत आणलेला,
म्हणून अख्खं लाकडी घर ओंडक्यांवर चढवायचं,
बैलांच्या सहा जोड्या जुंपायच्या,
साऱ्या वस्तीनं दोराला हात लावायचा
आणि टेकडीपलीकडे न्यायचं, पडद्यांसकट.
आम्ही याला मिंगा म्हणतो. मजुरी कुणी घेत नाही,
जेवण मात्र पोटभर घालावं लागतं.
भाऊ दूर उत्तरेला, तांब्याच्या खाणीत. रजा नाही.
स्वतःचं घर चालताना त्याला दिसायला नको?

कव्हर घेतलं नाही. कार्ड मी जुनं दिलं,
मालक जेवायला गेला होता.

तीन आठवड्यांनी आली, पेनड्राइव्हवर उतरवून मागायला.
आम्ही दोघांनी उभ्यानंच पाहिलं.
चिखल.
एक रबरी बूट, मग दुसरा, मग पहिला.
कुणीतरी बैलांवर ओरडतंय, कुणीतरी हसतंय,
आणि अगदी कानाशी तिचा श्वास,
भात्यासारखा.
गळ्यात अडकवला होता, ती म्हणाली.
दोर धरायला माणसं कमी पडली.

बाविसाव्या मिनिटाला ती घसरली असावी,
कारण एकदम आभाळ दिसलं,
आणि त्यात तिरकं, अंगावर येणारं
पिवळं घर, खिडकीत जिरेनियमची कुंडी.
मोजून चार सेकंद. पुन्हा बूट.

सुरुवातीचा चिखल कापून टाकू का, मी विचारलं,
चांगलं तेवढं ठेवू?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी विणकामात कात्री घातली होती.
आहे तसं राहू दे. तो ओळखेल.
वाट त्याच्या पायाखालची आहे.

पेनड्राइव्हच्या किमतीवर मात्र पंधरा मिनिटं घासाघीस.
मग कॅमेरा मोज्यात घालून तोंडाला गाठ मारली.
राखाडी मोजा, टाचेला लाल पट्टा.
एकच.
जोडीतल्या दुसऱ्याचं काय केलं
ते मी विचारलं नाही.