कडी

पिरनवाडी ओलांडून जांबोटीच्या वाटेला लागलं की
काजूच्या झाडांमागं बावीस खोल्या.
फाटकावरच्या बोर्डावर वर कन्नड, खाली इंग्लिश,
आणि अगदी तळाला कुणीतरी खडूनं मराठीत लिहितं.
पुसलं जातं. परत लिहितं.
कोण, ते आम्हां सगळ्यांना माहीत आहे.
सांगत नाही. त्याचे गुडघे दुखतात,
तरी वाकतो.

मी सोळा नंबरात.
आल्या दिवशी पिशवी ठेवली, दार लोटलं,
कडी घातली.
काढली. परत घातली.
एकोणसत्तर वर्षांत माझी अशी ती पहिलीच.

वडगावात दीड खोली आमची,
त्यातली एक मागाची.
मालक खड्ड्यात पाय सोडून बसायचे,
उरलेल्या अर्ध्यात चूल, सासू, दोन पोरं, कांड्यांची टोपली.
लुगडं बदलायचं तर ताण्याच्या आड.
धोटा चालू आहे तोवर कुणी बघत नाही,
असा हिशेब.

उदयनं नेलं होतं पुण्याला, खोटं कशाला बोलू.
सून चांगली. चहात आलं घालून द्यायची.
मी "आलो, आलो" म्हटलं की नातवंडं हसायची,
आजी, तू बाई आहेस ना?
आमच्याकडं बायका असंच बोलतात, म्हटलं.
दिवाण हॉलमध्ये.
टीव्ही झोपला की मी झोपायचो.
तीन महिन्यांनी मीच म्हटलं, जातो मी.
तो रडला. मी नाही रडलो.
ते अजून टोचतंय कुठंतरी.

मग ऑगस्टात नेसरीकर पडले न्हाणीत.
आतून कडी.
दार फोडलं तेव्हा
बादलीवरून पाणी वाहतच होतं.
दुसऱ्या आठवड्यात सुतार आला,
खोल्यांच्या, न्हाण्यांच्या, सगळ्या कड्या
गोणपाटात खुळखुळत घेऊन गेला.
मॅनेजर म्हणाले, तुमच्यासाठीच, आज्जी.
खरंच होतं ते.
म्हणून तर भांडता येईना.

दाराला चार भोकं राहिली स्क्रूची.
रात्रभर तिकडंच बघत पडलो.

ट्रंकेच्या तळाशी रेशमाची एक लडी होती,
मालकांच्या शेवटच्या साडीतली उरलेली, जांभळी.
एक धागा सोडवला.
एक टोक दाराच्या मुठीला, दुसरं चौकटीच्या खिळ्याला.
तुटला ताणा सांधतात ती गाठ,
डोळे विसरले, बोटं नाहीत.
मांजरानं डोकं लावलं तरी तुटेल, एवढाच.
झोप लागली.

सकाळी सहाला महानंदा येते, किणयेची,
दोन्ही हातांत चहा, गुडघ्यानं दार ढकलते.
धागा तुटला.
तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडं.
"निद्दी आतेन्री?" म्हणाली,
कप ठेवला, गेली.
त्या रात्री परत बांधला. पुढच्याही.
जांभळे तुकडे ती केराबरोबर लोटून नेते,
ऑफिसात काही बोलत नाही.
मला तिची भाषा येते तोडकीमोडकी,
तिला माझी. पण याबद्दल
दोघींनी कुठल्याच भाषेत काही काढलं नाही.

रविवारी उदयचा फोन.
आई, दार नीट लावून झोपतेस ना?
लावतो की, म्हटलं.
लडी अंगठ्याएवढी उरली आहे. मोजून बघितली.
माझ्यापेक्षा जास्त पुरेल.

आज सहा वाजले.
किटलीचा आवाज दारापाशी आला आणि थांबला.
गुडघा लागला नाही.
बाहेर कुणीतरी नुसतं उभं.
मग हळूच,
"आज्जी, बागला तेगीरी."

"आलो, आलो," म्हटलं,
आणि मुद्दाम
जरा उशिरानं उठलो.