कुलूप

मोंढ्यामागच्या लिंबाखाली उत्तरेश्वरची गाडी सापडली.
मागच्या चाकात साखळी, साखळीला कुलूप.
आणि तो दहा पावलांवर उकिडवा,
रिकाम्या पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून,
आपल्या मालाची पाळी यायचीय
असा.

सभापतींना गोळी लागून वीस मिनिटं झाली होती.

तेव्हापासून उदगिरात दुसरा विषय नाही.
रेवणअप्पा आडते म्हणतात, पैशाचं काम आहे,
एवढी शांती फुकट येत नाही.
इसाक चाऊस म्हणतो, पैसे घेतलेला गडी
खिशात एकशे साठ रुपये ठेवून फिरतो व्हय?
कुणी काट्याची गोष्ट काढतं, कट्ट्यामागं दोन किलो,
कुणी तीन वर्षांमागची पंगत:
पानात वरण पडलेलं असताना सभापतींनी
त्याला उठवला होता,
जागा पाव्हण्यांना पाहिजे म्हणून.
एवढ्यावरून?
एवढ्यावरूनच, म्हणतो पंगतीतला एक जण,
मी शेजारी होतो, मी जेवत राहिलो.

थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग चहा येतो.

रिटायर हवालदार कोंडिबा सुपारी कातरत म्हणतात,
टाकी फुल होती. भालकी इथून तासाभरावर.
शीव ओलांडली की पोलिसाची टोपी बदलते, भाषा बदलते,
कागद हलायला आठवडा.
सगळं बरोबर आखलेलं.
मग कुलूप कामून लावलं?

डिक्कीत चार दशम्या, फडक्यात शेंगाची चटणी
आणि ऐन चैत्रात लोकरीचा स्वेटर.
त्या स्वेटरवर अख्खा एक दिवस गेला.
कुणी त्याला सिमल्याला पोचवलं, कुणी नेपाळला.
मेसवाल्या ललिताबाई पोळी उलथत म्हणाल्या,
धुवायला दिला असंल बायकोनं.
तुम्ही बाप्यांनी धुणं कवा बघितलंय?

पिस्तूल सापडलेलं नाही.
हे सगळ्यांना माहीत आहे, सगळे एकदा सांगतात
आणि पुन्हा हेतूकडे येतात.
हेतू शोधायला विहीर उपसावी लागत नाही.

माझं दुकान कुलपाचं. म्हणून मला विचारतात,
उस्मानभाई, तुम्ही सांगा,
पळणारा माणूस कुलूप लावतो का?
मी कानस चालवत म्हणतो, सवय असते.
ते दाबलं की बसतं,
किल्ली फक्त उघडायला लागते.

एवढंच म्हणतो.

सोमवारी तो आला होता.
एकच किल्ली राहिलीय म्हणाला, तीबी वाकलीय,
नमुन्याला ठेवा, नवी करा,
तोवर साखळी नुसती अडकवून ठेवतो.
मी म्हणालो, गुरुवारी ये.
का म्हणालो? किल्ली दहा मिनिटांची.
हातात कुणाच्या तिजोरीचं काम होतं,
आणि त्याच्याकडे बघून वाटलं,
ह्याला काय घाई असणार.

गुरुवारी मी शटर पाडून जळकोटला गेलो,
साडूच्या मुलीची सोयरीक होती.
रात्री परत आलो तर शटरच्या कडीवर
काळ्या ग्रीसची चार बोटं.
ग्रीस इथं कुणाच्या हाताला नसतं?
पुसलं.

दोन्ही किल्ल्या खिळ्याला आहेत,
वाकडी आणि सरळ.
दुपारी वारा आला की एकमेकींना लागतात.
साखळी त्यानं सवयीनं दाबली असेल,
किंवा येणाऱ्याजाणाऱ्या कुणी उगाच दाबली असेल,
किंवा नीट जाणून,
हा इथंच सापडावा म्हणून.
तिसरं मनात आलं त्या रात्री
मी उठून दुकानाची कडी पुन्हा बघून आलो.

परवा फौजदार आले. सोबत शिपाई,
हातात ठाण्याच्या कपाटाचं कुलूप.
किल्ली तुटली म्हणाले, कधी देता?
तोंडातून गेलं, गुरुवारी या.
मग म्हणालो,
थांबा. बसा साहेब.
आत्ताच करतो.