खांब नंबर सात

मंडईच्या दिवशी मोहटोल्यात
फोनवर चारही काड्या उभ्या असतात
आणि फोन मात्र एकही लागत नाही.
मागच्या साली फुगेवाला ग्यानीराम लांजेवार
स्क्रीनवर फिरणारं चाक बघत बसला, बसला,
अन् शेवटी म्हणाला,
"जाऊ द्या जी, पोट्टं रडून राह्यलं. न्या फुगा."
असे एकोणतीस फुगे गेले.
त्यानं मोजले होते.

साहेबांना मी फुगे सांगितले नाहीत.
साहेबांना आकडे लागतात :
एरवी वस्ती नऊशे, मंडईला अकरा हजार,
टॉवर एक, धानाच्या बांध्यांपलीकडे,
साडेतीन किलोमीटरवर लाल दिवा लावून उभा.
तो लांबून, ओरडून बोलतो.
नऊशे जणांना पुरतो.

धनसिंग उईके खांबावर चढता चढता विचारतो,
"एवढुसा डबा? ह्याच्यात का मावते जी?"
डबा खरंच एवढुसा.
वावरात शिदोरी नेतात त्याहून थोडा थोराड.
मी फ्रिक्वेन्सी सांगायला लागतो, मग थांबतो.
म्हणतो, तलाव हाये ना तुमचा, मालगुजारी?
"हाये."
पण लांबच्या बांधीले पानी कोन देते?
"बोडी," तो वरून म्हणतो.
मग आपण बोड्या खोदून राह्यलो. सात खांबांवर सात.
"असं सांगा न मंग,"
आणि पट्टा आवळतो.

दुपारी दंडार आली, टाळ, ढोलकी,
उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग,
मुर्रा, बत्तासे, आकाशपाळण्याचं डिझेल.
मी शाळेच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन.
दोन नंबरच्या डब्यावर एकशे बारा माणसं,
चार नंबरवर एकशे तीस.
डबे ओरडत नाहीत. दोनशे पावलांपुरतं पुटपुटतात,
ज्याचं त्याला ऐकू जातं.
ग्यानीरामच्या पेटीतून बाई बोलली,
वीस रुपये मिळाले.
त्यानं पेटी कानाला लावली, जणू तिचीच खुशाली विचारतोय.

सात नंबर रिकामा.
नकाशात तिथं गाड्या लावायच्या होत्या.
गाड्या लागल्या दुसरीकडेच, सरपंचाच्या वावरात.
खांब तलावाच्या पाळीआड, खोलगटात,
जिथं टॉवरचा आवाज एरवी कधी उतरलाच नाही
आणि कुडाची पाच घरं आहेत.
चुकलंच माझं.
अहवालात काय लिहावं हे मी ठरवत होतो.

रात्री पावणेदहाला नाटकाचा पडदा उघडला
आणि सातवर एक माणूस आलं.
एकच.

नाटक पहाटे साडेचारला संपलं.
पाखडलेल्या धानातला कोंडा उडावा तशी माणसं गेली.
आम्ही डबे उतरवत निघालो, एक, दोन, तीन,
कार्यक्रम संपताच काढून घेणे, असा आदेश आहे.
सातच्या खाली पोचलो तेव्हा
सेवंता मडावी अंगणात, चुलीपाशी.
फोन खांदा आणि कानात धरलेला,
एका हातानं काड्या मोडते.
पोरगी बुटीबोरीला, सूतगिरणीत, रातपाळी सुटलेली.
एरवी हिला पाळ चढावी लागते,
गुडघ्यावर हात देत, आणि वरून बोलावं लागतं
सगळ्या गावाच्या देखत.
काल रात्री तिनं चारदा लावला, धनसिंग सांगतो,
नुसतं बघायला, की लागते का.

आता ती कालवडीबद्दल बोलतेय.
मग कोणाच्या तरी सोयरिकीबद्दल, अगदी हळू,
पहिल्यांदाच हळू.
धनसिंग माझ्याकडे बघतो. मी स्विचकडे.
गाडीवाला हॉर्न देतो.

"हो साहेब," मी फोनवर म्हणतो,
"सहा निघाले. सातव्याचा नट गंजलाय."
नट कालच बसवला, कोरा.
धनसिंग खांबाला टेकून बिडी पेटवतो
आणि काही म्हणत नाही.
उजाडतंय. चहा उतू जातो, ती फडक्यानं उतरवते,
फोन खांद्यावरून घसरू देत नाही,
आणि म्हणते,
"हं, सांग. मंग?"