नमुना एकतीस

पंखा बंद ठेवावा लागतो.
एप्रिलात, शहाद्यात, दुपारी अडीचला,
पंखा बंद.
नाहीतर वर्तमानपत्रावर वाळत घातलेलं सगळं
उडून फ्रिजखाली जातं,
आणि मग तिथून काढताना
नाल्यातलं काय आणि आपल्या घरातलं काय
हे सांगता येत नाही.

धडगावच्या पलीकडे, घाट उतरून,
नर्मदेकडे जाणाऱ्या एका नाल्याच्या दरडीतून
दित्या पावरानं पिशवीभर माती आणली.
अकरावीला आहे, वसतिगृहात राहतो.
दोन दिवस ती बादलीत भिजवली,
चहाच्या गाळणीतून गाळली
(ती गाळणी आता चहाला नाही).
उरलं मूठभर,
बाजरीच्या कण्यांएवढं, काही त्याहून बारीक.

भिंग मुनाफभाई पिंजारींचं,
घड्याळवाल्यांचं, डोळ्याच्या खोबणीत बसवायचं.
चिमटाही त्यांचाच. दर सोमवारी परत द्यायचा.
शून्य नंबरचा ब्रश जिभेवर ओला करायचा,
टोकानं एकेक कण उचलायचा.
जीभ खारट होत नाही.
मी लक्ष ठेवून आहे.

आधी सोपं.
पापुद्रे सुटलेले, खापरीसारखे करडे,
ते कालवाच्या शिंपल्याचे तुकडे. ते इतके निघतात
की त्यांना क्रमांकसुद्धा देत नाही, एका बरणीत.
मग काड्या. सगळ्या अंगाला
सुईनं टोचल्यासारखी भोकं,
भोकागणिक एक जीव राहायचा.
पुस्तकात ब्रायोझोआ. मराठी नाव सापडलं नाही.
मी वहीत 'बिऱ्हाडकाडी' लिहिलं,
पेन्सिलनं,
कुणी हरकत घेतली तर खोडता येईल.

दांड्यांमध्ये मात्र माझे तीन रविवार गेले.
आडवी वलयं आणि मधून आरपार भोक असेल
तर समुद्रकमळाच्या देठाचा तुकडा.
उभ्या रेघा आणि एका टोकाला
वाटीसारखा खळगा असेल, तर काटा.
मी दोन्ही एकाच काडेपेटीत टाकत आले होते.
पुन्हा सगळं ओतलं. पुन्हा बघितलं.
दित्याच्या डोळ्याला भिंग लावलं, काही न सांगता.
तो म्हणाला, साळिंदर.
पुस्तकही जवळजवळ तेच म्हणतं,
फक्त पाण्यातलं.

समुद्र त्यानं पाहिलेला नाही.
मी एकदा, अलिबागला, सहलीत.
त्याच्याकडे पाठ करून उभी होते,
पंचेचाळीस मुली मोजत.
चव्वेचाळीसच भरत होत्या.

नमुना एकतीस.
तपकिरी, चकचकीत, टोकदार, बुडाशी किंचित रुंद.
लांबी तीन मिलिमीटर.
शार्क, असं वहीत लिहिलं.
दोनदा अधोरेखित केलं.
रात्री उठून पुन्हा बघितलं, आहे ना जागेवर.
सोमवारी चिमट्यासोबत नेला,
इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत, कापसात.
मुनाफभाईंनी काचेवर ठेवला, उलटा केला,
सुई दिव्यावर धरून बुडाशी टेकवली.
वास आला.
"बहिन," ते म्हणाले,
"हाई ते कंगवाना दात शे."
आणि कुणाच्या तरी लेडीज घड्याळाचा
पट्टा बसवायला घेतला.

नाल्यावर कुणीतरी केस विंचरले होते.
या वर्षी, चार वर्षांपूर्वी, सांगता येत नाही.
गुंता असणार, दात तुटण्याइतका.
वहीत दुरुस्ती केली:
एकतीस. कंगवा. स्थळ तेच. थर तो नव्हे.
टाकून मात्र दिला नाही.
त्याची काडेपेटी त्याला आहे.

बत्तीस मोहरीएवढा.
गोल, वर पाच पाकळ्या, एक झिजलेली.
दित्या म्हणतो फूल.
पुस्तकात अठरा चित्रं आहेत,
त्यांतल्या एकाशीही जुळत नाही.
सुई गरम केली. टेकवली.
वास आला नाही.

नावाच्या जागी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं.
मग त्यावरून पेन फिरवलं.